थेंबाचा हिशेब आणि सढळ हात

वर्धा जिल्ह्याचा तेलाशी असलेला संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला इतिहासाचा असून तो मान वर करून सांगण्यासारखा आहे: डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, त्याचे बिऱ्हाड जमनालाल बजाज यांनी दिलेल्या आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी म्हटल्या गेलेल्या जागेत थाटले, जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार वाहिला, आणि तेथेच झवेरभाई पटेल यांनी गावच्या बैलघाणीवर प्रयोग करून जी सुधारित घाणी सिद्ध केली ती तेलउद्योगाच्या इतिहासात ‘वर्धा घाणी’ या नावाने नोंदली गेली. दुसरा संबंध रोजच्या ताटाचा असून तो सांगावा लागत नाही, दिसतो. पोह्यांवर तर्री, म्हणजे रश्श्यावर तरंगणारा तिखट लाल तेलाचा थर, नसेल तर ते पोहे आजाऱ्यासाठी केले असावेत असा येथे समज आहे. गोळाभातावर फोडणीचे कडकडीत तेल पळीने ओतल्यावाचून पाहुणा जेवला असे धरले जात नाही. आणि ठेच्यावर जवसाचे कच्चे तेल किती घ्यायचे याचे माप ‘पुरे’ हा शब्द तीनदा उच्चारला जाईपर्यंत असे आहे. ज्या जिल्ह्यात तेल मोजण्याचे किमान एकक पळी आहे, त्या जिल्ह्यातल्या घरांत अलीकडे १० मिलिलीटरची एक काळपट काचेची बाटली शिरली असून, तिच्या तोंडाशी बसवलेल्या बुचातून तेल थेंबाथेंबानेच बाहेर येते. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन मापांची गाठ पडल्यावर घरात जे घडते तो आहे.

आरंभी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. तीळ, जवस, करडई किंवा सरकी यांच्या बियांतून दाबून काढलेले तेल हे स्थिर तेल होय. ते उघड्यावर ठेवले तरी उडून जात नाही. फुले, पाने, साली किंवा मुळे यांतून वाफेच्या साहाय्याने काढलेले, स्वतः वास देणारे आणि हवेत उडून जाणारे ते बाष्पनशील तेल होय. ते काढण्याच्या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात: भांड्यात फुले भरून त्यांतून वाफ सोडली जाते, वाफ आपल्याबरोबर सुगंधी द्रव्ये घेऊन नळीवाटे निघते, थंड होऊन तिचे पाणी होते आणि त्या पाण्यावर तेलाचा पातळसा थर जमतो, जो अलगद वेगळा केला जातो. खाली राहिलेले सुगंधी पाणी हा निराळा पदार्थ असून कनोजच्या देग-भपक्यापासून ट्युनिशियातल्या कारखान्यांपर्यंत तो स्वतंत्रपणे विकला जातो. वर्ध्याच्या वाचकाला ही क्रिया एका वाक्यात सांगायची तर असे म्हणता येईल की येथेही वर तरंगते ती तर्रीच, फक्त ती पोह्यांवर घालायची नसते.

फुलांच्या अशा तेलांत या जिल्ह्याला सर्वांत जवळचे वाटावे असे तेल म्हणजे नेरोली, अर्थात संत्र्याच्या जातीच्या फुलांचे तेल. कारंजा (घाडगे), आष्टी आणि आर्वी या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण दिला, मग पुन्हा पाणी सोडले की हिवाळ्याच्या अखेरीस आंबिया बहर फुलतो आणि नागपूर-अमरावती रस्त्याने जाणाऱ्या बसच्या खिडक्यांतून तो वास विनातिकीट आत येतो. यावरून जिल्ह्यातील अनेकांचा असा ग्रह होतो की नेरोली आपल्याच बागेत तयार होत असणार. परंतु वनस्पतिशास्त्र येथे स्थानिक अभिमानाच्या आड येते. नेरोली काढतात ते कडू संत्र्याच्या, म्हणजे आपल्या गोड नागपुरी संत्र्याहून वेगळ्या जातीच्या, झाडाच्या फुलांपासून, आणि ते प्रामुख्याने ट्युनिशिया, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून येते. त्या एकाच झाडापासून तीन तेले निघतात: फुलांचे नेरोली, पानांचे व कोवळ्या फांद्यांचे पेटिग्रेन, आणि फळाच्या सालीचे कडू संत्र्याचे तेल. या तिघांचे भाव, गुण आणि धोके वेगवेगळे आहेत. तिघांच्या बाटल्यांवरचे चित्र मात्र बहुधा संत्र्याचेच असते.

नेरोलीच्या महागपणाचे कारण साध्या गणितात आहे. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. कडू संत्र्याच्या एक टन फुलांतून मात्र साधारण एक किलो तेल हाती येते, म्हणजे १० मिलिलीटरच्या एका बाटलीमागे हाताने तोडलेली आठ-नऊ किलो फुले खर्ची पडतात. हे प्रमाण कारंज्याच्या बागाईतदाराला सांगून पाहिल्यास त्याची प्रतिक्रिया शास्त्रीय कुतूहलाची नसते. त्याचे वर्ष फुलगळ आणि फळगळ या दोन संकटांच्या मधल्या अरुंद पट्टीत जाते. झाडाला आलेल्या फुलांपैकी थोड्यांचेच फळ होते हे ठाऊक असूनही प्रत्येक फूल त्याने मनातल्या मनात मंडीत विकलेले असते, आणि अशी टनभर फुले उकळून कोणी किलोभर वास काढतो हे ऐकल्यावर तो त्या देशातील पीकविम्याची चौकशी करतो. या गणितावरून ग्राहकाने एवढाच निष्कर्ष काढावा की शंभर-दीडशे रुपयांत ‘शंभर टक्के शुद्ध नेरोली’ मिळत असेल तर त्यातील शंभर टक्के शुद्ध वस्तू फक्त बाटलीची काच आहे.

भेसळीची एक घरगुती परीक्षा येथे नोंदवण्यासारखी आहे. पांढऱ्या कोऱ्या कागदावर एका बाजूला जवसाच्या तेलाचा आणि दुसऱ्या बाजूला बाटलीतील तेलाचा एकेक थेंब टाकून कागद खिडकीशी ठेवावा. जवसाच्या थेंबाभोवती लगेच पारदर्शक, चिकट वर्तुळ पसरत जाते आणि ते दुसऱ्या दिवशीही तसेच राहते. बाष्पनशील तेलाचा ठिपका आधी ओला, मग धूसर आणि शेवटी दिसेनासा होतो, व कागदाला केवळ वास उरतो. तेलकट डाग उरल्यास बाटलीत स्वस्त स्थिर तेल मिसळलेले आहे असे समजावे. कृत्रिम सुगंधद्रव्ये मात्र या परीक्षेत पकडली जात नाहीत, कारण तीही उडून जातात. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा शुद्ध तेलाचा ठिपका पाहता पाहता उडतो. फक्त परीक्षा घेणाऱ्याने त्या वेळी कागदासमोर पंखा लावू नये, अन्यथा कागदही उडतो आणि तेलाला शुद्धतेचे प्रमाणपत्र वाजवीपेक्षा लवकर मिळते.

आता उपयोगांचा विचार. सतराव्या शतकात इटलीतील नेरोला येथील सरदारपत्नीने आपले हातमोजे या तेलाने सुगंधित केले आणि तेथून त्याला हे नाव मिळाले असे सांगतात. वर्ध्यात मे महिन्यात हातमोजे घालणारा मनुष्य वासापेक्षा अन्य कारणाने लक्षात राहील, म्हणून हा उपयोग येथे विस्ताराने दिलेला नाही. १७०९ साली कोलोन शहरात सुरू झालेल्या फारिना यांच्या पेढीने जे सुगंधी पाणी जगभर नेले त्याच्या परंपरेत नेरोली हा एक प्रमुख घटक आहे, आणि तापात कपाळावर कोलन वॉटरची पट्टी ठेवणाऱ्या मराठी घरांनी नाव न कळता हा वास पूर्वीच अनुभवला आहे. आजच्या घरात त्याचे रास्त उपयोग तीन: खोलीत मंद वास दरवळवणे, रुमालावर एक थेंब घेऊन प्रवासात हुंगणे, आणि स्थिर तेलात मिसळून अंगाला लावणे. हा वास घेतल्याने अस्वस्थता थोडी कमी होते, मन शांत वाटते, असे लहान लहान चाचण्यांत दिसले आहे. त्यावरून ते निद्रानाश, रक्तदाब, केसगळती आणि नवऱ्याचा संताप या सर्वांवर औषध आहे असे ठरत नाही, जरी बाटलीसोबतच्या पत्रकात पहिल्या तिघांचा उल्लेख असतो आणि चौथ्यासाठीच ती घेतली जाते.

या जिल्ह्यात सुगंधाच्या हौसेवर एक नैतिक आक्षेपही घेतला जातो. सेवाग्रामच्या परिसरात राहून महागड्या वासाच्या मागे लागणे शोभत नाही, असे काही ज्येष्ठांचे मत असते. परंतु आश्रमाच्या एकादश व्रतांचे बारकाईने परीक्षण केल्यास असे आढळते की जिभेला अस्वादाचे बंधन घातलेले आहे, नाकाला स्वतंत्र बंधन नाही. स्वदेशीच्या व्रतापुढे ट्युनिशियाची बाटली अडचणीत येते हे मान्य करावे लागेल. असंग्रहाच्या दृष्टीने मात्र १० मिलिलीटर हा निर्दोष साठा आहे. शरीरश्रमाचे व्रत तर बाटलीचे बूच उघडताना आपोआप पाळले जाते, कारण मुलांना उघडता येऊ नये म्हणून केलेले ते झाकण दाबून फिरवावे लागते आणि घरातील लहान मुलाखेरीज ते कोणालाही जमत नाही.

बाटलीकडे पाहण्याच्या दृष्टीनुसार घरातील माणसांचे चार वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग मापनवाद्यांचा: यात बहुधा बाटली विकत आणणारी सून किंवा कॉलेजात शिकणारी मुलगी येते, ती थेंब मोजते आणि मोजताना इतरांनी बोलू नये अशी तिची अपेक्षा असते. दुसरा वर्ग औदार्यवाद्यांचा, ज्याचे नेतृत्व सासूबाईंकडे असते, चमचाभर तिळाच्या तेलात एकच थेंब पडलेला पाहून त्यांना माहेरची आठवण येते आणि “येवढ्याशानं का होते व माय, टाक अजून!” असा निर्णय त्या देतात. तिसरा वर्ग उपयोजितवाद्यांचा: घरातील कर्ता पुरुष बाटलीचा मूळ हेतू न विचारता ती कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीला, सायकलच्या साखळीला आणि शेवटी स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहतो, आणि तिन्ही ठिकाणी समान फरक पडल्याचे सांगतो. चौथा वर्ग पाहुण्यांचा असून त्यांचे कार्य फक्त दारातून आत येताच “कायचा वास येऊन राहिला?” असे विचारण्याचे असते. शास्त्रदृष्ट्या या चौघांत सर्वांत विश्वासार्ह निरीक्षण चौथ्या वर्गाचे आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

नाक हे सतत येणाऱ्या वासाला काही मिनिटांत सरावते. वास खोलीत तेवढाच असतो, पण मेंदू त्याची दखल घेणे सोडून देतो. त्यामुळे सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, म्हणजे पाण्यात तेलाचे थेंब टाकून त्यांचे धुके सोडणाऱ्या डिफ्यूझरमध्ये, चार थेंब टाकून बसलेल्या गृहस्थाला दहा मिनिटांनी वाटते की वास गेला. तो आणखी चार टाकतो, पुन्हा तेच घडते, आणि असे करता करता त्याला काहीच वास येत नसताना शेजारच्या घरातल्या दम्याच्या रुग्णाला खोकला लागतो. खोलीची खिडकी किंचित उघडी ठेवून, तीन-चार थेंबांवर, पंधरा ते तीस मिनिटे यंत्र चालवून ते बंद करावे, असा नियम आहे. वर्ध्यात या नियमाला सर्वांत मोठा शत्रू कूलर आहे. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेल्या, वाळ्याच्या ताट्यांच्या, घराला विमानतळाचा आवाज देणाऱ्या त्या लोखंडी पेटीच्या टाकीत बाटली रिकामी करावी ही कल्पना प्रत्येक घरात एकदा तरी कोणाला तरी सुचते. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते. पंपाने ते ताटीवर चढले की वाऱ्याच्या एका झोतात सगळे घरात येते, आणि आठ-नऊ किलो फुलांचे सार अर्ध्या तासात संपून घरातील सर्वांचे डोके दुखू लागते. वाळ्याच्या ताटीला स्वतःचा वास असतो आणि तो मूळच्याच मुळांतून, कोणी थेंब न मोजता येतो. त्यात भर घालण्याचे कारण नाही.

अंगाला लावण्याच्या बाबतीत नियम असा की बाष्पनशील तेल कधीही निव्वळ लावू नये, ते स्थिर तेलात पातळ करून घ्यावे. पाच मिलिलीटरचा एक चहाचा चमचा म्हणजे साधारण शंभर थेंब, तेव्हा चमचाभर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात एक थेंब म्हणजे एक टक्का आणि दोन थेंब म्हणजे दोन टक्के. प्रौढांसाठी एवढे भरपूर आहे. प्रथम वापरताना कोपराच्या आतल्या बाजूस हे मिश्रण लावून एक-दोन दिवस वाट पाहावी आणि लाली, खाज किंवा पुरळ उठल्यास तो नाद सोडावा. ही चाचणी कोणी पुरी करत नाही, कारण दिवाळीच्या अभ्यंगाची आठवण घराला नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजताच होते, आणि त्या अंधारात झोपाळू डोळ्यांनी थेंब मोजणे हे मापनवादी वर्गालाही साधत नाही. बादलीतल्या पाण्यात थेट थेंब टाकणे तर अधिकच चुकीचे. ते पाण्यावर तसेच तरंगतात आणि पहिल्या तांब्याबरोबर निव्वळ तेल पाठीवर येते. परदेशी पुस्तकांतले स्नानाचे सल्ले टबात आडवे पडणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, बादली आणि तांब्यावर अंघोळ करणाऱ्यांसाठी नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

कडू संत्र्याच्या झाडाच्या तिन्ही तेलांतला फरक येथे उपयोगी पडतो. दाबून काढलेल्या कडू संत्र्याच्या किंवा बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलात अशी द्रव्ये असतात की ते अंगाला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी लाल होते व पुढे काळे डाग राहतात. फुलांच्या नेरोलीत हा दोष सहसा नसतो. ज्या जिल्ह्यात बसस्टँडपर्यंत जाणे हेच ऊन घेणे असते, तेथे बाटलीवरचे बारीक अक्षर वाचण्याची तसदी म्हणूनच घ्यावी.

काही बाबतींत विनोदाला जागा नाही. बाष्पनशील तेल पिऊ नये, सरबतात, केकमध्ये किंवा गोरसपाकाच्या घरगुती प्रयोगात घालू नये. खाद्यपदार्थांत वापरतात ते फुलांचे पाणी निराळे आणि हे तेल निराळे. स्वयंपाकघरात केवड्याच्या इसेन्सशेजारी ही बाटली ठेवणे म्हणजे अपघाताला पाट मांडून देणे होय. लहान मुलाने यातील घोट घेतल्यास त्याला ओकारी काढायला लावू नये, कारण तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो; मिठाचे पाणी, तूप, दूध यांचे उपाय न करता बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. निलगिरी तेल आणि कापूर यांच्यामुळे मुलांना झटके आल्याच्या नोंदी भारतातल्या वैद्यकात आहेत, त्यामुळे ‘फुलांचे आहे, म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीवर मूल सोपवू नये. तान्ह्या बाळाच्या मालिशीच्या तेलात ते मिसळू नये आणि त्याच्या नाकाजवळ नेऊ नये. गरोदर स्त्रीने व दम्याच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे व डॉक्टरांना दाखवावे. मांजराच्या यकृताला ही द्रव्ये निकामी करून बाहेर टाकणे नीट जमत नाही, म्हणून मांजर असलेल्या घरात बंद खोलीत यंत्र चालवू नये. आणि हे तेल पेट घेते. सुगंधी आरतीच्या उत्साहात ते निरांजनात ओतण्याचा विचार मनात आल्यास आरती थोडक्यात आटोपावी.

साठवणीचा नियम ‘थंड, अंधाऱ्या जागी’ असा तीन शब्दांचा असून, एप्रिल ते जूनमध्ये तो वर्ध्यातील माणसांनाही पाळता येत नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, पण बूच घट्ट लावावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी लोण्याला संत्र्याच्या फुलांचा आणि बाटलीला ठेच्याचा वास येतो. येथे सढळ हातांइतकाच काटकसरी हातांचाही दोष निघतो. नेरोलीतील लिनालूल आणि लिमोनीन ही द्रव्ये हवेच्या संपर्काने हळूहळू बदलतात आणि त्यांतून त्वचेला ॲलर्जी आणणारी संयुगे तयार होतात. म्हणून उघडलेली बाटली वर्ष-दीड वर्षात संपवायची असते. महागाची वस्तू म्हणून ती लेकीच्या लग्नापर्यंत कपाटात जपली गेली तर लग्नाच्या दिवशी वधूच्या मानेवर पुरळ उठते आणि दोष मेकअपवालीला जातो.

थेंबाचा हिशेब आणि सढळ हात यांतला निवाडा जुन्या चालीरीतींनी कधीच दिलेला आहे. हळदीकुंकवाला अत्तरदाणीतली काडी मनगटाला हलकेच टेकवतात आणि गुलाबदाणीतून पाण्याचे चार शिंतोडे उडवतात. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेले, म्हणजे मुळातच सौम्य केलेले असते, गुलाबपाणी तर पाणीच असते, आणि दोन्ही मनगटावर व अंगावर, पोटात नव्हे. पोह्यांवर पळीने तेल ओतणाऱ्या याच बायकांनी अत्तरापुढे हात आखडता घेतला, तेव्हा त्यांना मोजता येत नव्हते असे म्हणता येत नाही. वर्ध्याच्या वाचकाने हाच दंडक नव्या बाटलीला लावावा: चमच्याला एक थेंब, खोलीला तीन, मुलांच्या हाताला शून्य, आणि तेवढ्याने हौस भागली नाही तर जानेवारीच्या अखेरीस कारंज्याकडची बस धरून खिडकीशी बसावे, त्या वासाला तिकिटाखेरीज दुसरा खर्च नाही.